एक गोधडी डोक्याची, एक हाताची

सुगी सरून उन्हे तापू लागली की आमच्या दवाखान्यात मान, खांदा नाहीतर मनगट धरून येणाऱ्या बायांची संख्या वाढते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : "काही नाही हो, जरा गोधडी शिवायला घेतली होती."

तीन वर्षांपूर्वी अशाच एका मावशींना मी 'शिवण पूर्ण बंद' असे लिहून दिले. वय 62, मधुमेह, रात्री उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या. नातीच्या लग्नासाठी त्यांनी त्रिकोणी तुकड्यांची गोधडी मांडली होती. मनगटाला रात्री बांधायचा पट्टा दिला. मुंग्या कमी झाल्या, मला समाधान वाटले. दोन महिन्यांनी मुलगा त्यांना पुन्हा घेऊन आला. झोप नाही, जेवणावर वासना नाही, साखर वाढलेली. "मावशी, दिवसभर करता काय?" मी विचारले. "काय करणार? तुम्हीच तर हात बांधून ठेवलेत."

ते मला लागले, आणि खरेही होते. चूक शिवण्यात नव्हती, एकच गोधडी धरून बसण्यात होती.

तुकडे जोडण्याचे काम अवघड. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, रंग बघायचे, चुकले की उसवायचे. त्या नादात मान तासन् तास खाली, डोळे ताणलेले, कात्रीवर मूठ घट्ट. याउलट दोन जुनी लुगडी एकावर एक घालून नुसता धावदोरा घालणे सोपे. हात आपोआप चालतो, शेजारणीशी गप्पाही होतात. पण सोपे म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तीच एक हालचाल हजारो वेळा, आणि थर जाड असले तर सुई रेटण्याचा सारा जोर अंगठ्यावर आणि मनगटावर. म्हणजे एका कामाने मान व डोळे थकतात, दुसऱ्याने हात. मनाचेही तसेच आहे. फक्त अवघड घेतले तर एक दिवस चिडून गाठोडे माळ्यावर जाते. फक्त सोपे घेतले तर कंटाळा येतो.

म्हणून हाताशी दोन कामे ठेवावीत असे माझे मत आहे. अवघड काम सकाळच्या उजेडात, अर्धा तास, फार तर पाऊण. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. मानेच्या कितीतरी तक्रारी जुन्या चाळिशीतून निघतात. कोपरा जुळेना की हट्ट करू नये, ते बाजूला ठेवून उठावे, चार पावले चालावे. दुपारनंतर सोपे काम, बाळाचे दुपटे असेल तर उत्तम, कारण थर पातळ असतो. (मुले म्हणतात, "आई, मशीनवर मार ना!" त्यांना काय सांगावे?)

मधुमेह असणाऱ्यांनी अंगुस्तान घातल्याशिवाय सुई धरू नये. बोटांची संवेदना कमी झाली असेल तर टोचलेले कळत नाही, आणि पू झाल्यावर आमच्याकडे येणे होते. मुंग्यांनी रात्री जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, तर मात्र घरगुती मालिशीवर भागवू नका. मनगटात शीर दबलेली असू शकते. मधुमेहात आणि थायरॉईड मंद असलेल्या स्त्रियांत हे अधिक आढळते.

मावशींनी मग दोन्ही कामे पुन्हा काढली. नातीचे लग्न तोवर होऊन गेले होते, त्यामुळे आधी पणतीचे दुपटे झाले आणि मोठी गोधडी गेल्या महिन्यात पुरी झाली. दवाखान्यात आणून त्यांनी ती तपासणीच्या टेबलावर पसरली. एका कोपऱ्यात दोन त्रिकोण जुळलेले नव्हते. ते उसवणार म्हणाल्या. "राहू द्या की, छान दिसतंय," मी म्हणालो.

"तुम्ही गोळ्यांचं बघा डॉक्टर. टाक्यांचं मी बघते."