वकिलाच्या कसुरीची भरपाई मागता येते, कागद जपा : सीमाभागातील पक्षकारांना जाहीर आवाहन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पक्षकार बंधू-भगिनींनो,

वकिलाने मुदतीत अपील केले नाही किंवा तारखेला हजर न राहिल्याने निकाल एकतर्फी लागला, तर जमीन जाते ती पक्षकाराची. अशा कसुरीसाठी वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. कमी खर्चाची एक वाट त्यामुळे बंद झाली, हे खरे. पण वकील कायद्याच्या कक्षेबाहेर गेले, असा अर्थ कोणीही काढू नये. व्यावसायिकावर गैरवर्तन वा निष्काळजीपणाबद्दल दावाच होऊ शकत नाही, असे आपण म्हणत नाही, हे न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले आहे. 1926 चा वकील फी कायदाही तेच सांगतो, आणि 1988 मध्ये कर्नाटकातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार मान्य केला आहे.

म्हणून दोन वाटा नीट वेगळ्या ओळखा. 1961 च्या वकील कायद्याच्या कलम 35 खाली, वकिलाची नोंदणी जिथे असेल त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. कर्नाटकातील वकिलासाठी ती बेंगळुरूला, कोल्हापूरच्या वकिलासाठी मुंबईला जाते. तिथे ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होऊ शकते. नुकसानीचे पैसे मात्र मिळत नाहीत. ते मागायचे तर दिवाणी न्यायालयातच दावा लावावा लागतो. त्याला कोर्ट फी आणि मुदत दोन्ही असतात, म्हणून उशीर करू नका. त्याआधी मूळ प्रकरण वाचवा: एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज साधारण 30 दिवसांत करावा लागतो. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्येच म्हटले आहे. पण ते दरवेळी आपोआप लागू होत नाही, उशिराचे कारण पटवून द्यावे लागते.

यावर काहीजण म्हणतील, खटला हरला म्हणून वकिलाला दोष देणे अन्यायाचे आहे. ते बरोबरच आहे. हरणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि प्रामाणिकपणे झटणाऱ्या वकिलांना अशा आरोपांपासून संरक्षण मिळायलाच हवे. म्हणूनच पुरावा लागतो: वकिलाने काय करायला हवे होते, काय केले नाही, आणि ते केले असते तर निकाल वेगळा लागला असता का, हे दाखवावे लागते. दुसरी शंका, वकिलाविरुद्ध वकीलपत्र कोण घेणार? स्थानिक संकोच असेल तर दुसऱ्या गावचा वकील गाठा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाच्या नागरिकांना जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयातून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

कसुरीचा पुरावा उभा राहतो तो खटल्याच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: फीची पावती घ्या. कन्नड कागदावर सही करण्याआधी त्याचा मराठी अर्थ समजून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. प्रत्येक तारखेची नोंद करा, निकालाची नक्कल स्वतः मागा. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ठरवले आहे. फाईल लेखी मागा. शिकल्यासवरलेल्या तरुणांनी गल्लीतील, शिवारातील वडीलधाऱ्यांचे कागद वाचून द्यावेत. हक्क कायद्यात आहे. तो सिद्ध करण्याची तयारी आपणच ठेवायला हवी.

आपला,
एक सीमावासीय नागरिक