अपघाताचा दावा चालू आहे? मग स्टेटस टाकू नका!

नाशिककरांनो,

8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे मिरची चौकात खासगी बस पेटली आणि 12 जणांचा जीव गेला. जळत्या बसचे व्हिडिओ त्याच दिवशी राज्यभर फिरले. आज द्वारका, आडगाव, सिन्नर, पेठ रोड, कुठेही अपघात झाला की जखमींचे फोटो ग्रुपवर येतात. पुढे जखमी स्वतःच स्टेटस ठेवतो, ‘देवाच्या कृपेने आता ठणठणीत!’ हे शब्द उद्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्याच विरोधात वाचले जाऊ शकतात.

म्हणून कळकळीची विनंती आहे: दाव्याचा निकाल लागेपर्यंत अपघात, उपचार आणि तब्येत यांबद्दल समाजमाध्यमांवर काहीही टाकू नका.

भरपाई केवळ अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांवर ठरत नाही. त्या अपंगत्वामुळे माणसाची कमाई किती घटली, त्याला कोणते काम जमते आणि कोणते जमत नाही, हे पाहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या 2010 च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. रील नेमका याच मुद्द्यावर घाव घालतो.

समजा, पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा पिकअप नेणाऱ्या तरुणाच्या पायात रॉड बसला. क्लच दाबणे, क्रेट उचलणे बंद झाले. भाच्याच्या हळदीत तो आग्रहाखातर दोन मिनिटे नाचला आणि रात्रभर कळा सोसत जागा राहिला. रीलमध्ये नाच दिसतो, कळा दिसत नाहीत. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले, ‘यात नाचताय ते तुम्हीच ना?’ तर खरे उत्तर एकच आहे: ‘हो.’

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असा रील योग्य प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो. ‘माझे अकाउंट प्रायव्हेट आहे’ या भरवशावरही राहू नका. 2010 मध्ये न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने जखमी महिलेच्या फेसबुकवरील खासगीच नव्हे, तर काढून टाकलेला मजकूरही प्रतिपक्षाला खुला करण्याचा आदेश दिला होता.

म्हणून एवढे पाळा:

• ‘चूक माझीच होती’, ‘मी जरा वेगात होतो’ असे कुठेही लिहू नका. अपघातात तुमचाही दोष ठरला तर भरपाई कापली जाते. जे घडले ते पोलिसांना आणि आपल्या वकिलांना सांगा.

• नातेवाईक आणि मित्रांनो, जखमीचे फोटो टाकू नका, त्याला टॅग करू नका. घटनास्थळाचे फोटो जरूर काढा, पण ते पोलिसांकडे आणि जखमीच्या घरच्यांकडे द्या.

• दावा चालू असताना अनोळखी फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारू नका.

• आधी टाकलेले काही असेल तर घाबरून डिलीट करू नका. न्यायालयापुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे. ती पोस्ट आधी वकिलांना दाखवा.

• दुखणे आहे तेवढेच सांगा. खोटा दावा खऱ्या जखमींवरचा विश्वास उडवतो.

• पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, पगाराच्या पावत्या जपून ठेवा. मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे; पहिल्या आठवड्यातच वकील गाठा. पैशांची अडचण असेल तर 15100 या विधी सेवा हेल्पलाइनला फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सिंहस्थामुळे आपल्या रस्त्यांवरची गर्दी वाढत जाणार आहे. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की मुलांची फी, घराचे हप्ते, पुढची शस्त्रक्रिया हे सगळे त्या भरपाईवर अवलंबून असते. ती हक्काची आहे. तुमच्या ओळखीत कोणाचा दावा चालू असेल, तर आजच त्याच्या घरी जा आणि हे सर्व समजावून सांगा.