हवा मोजणाऱ्या यंत्रांचे माप तपासण्याबाबत निवेदन

दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. प्रादेशिक अधिकारी,
प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : हवा गुणवत्ता केंद्रांतील गॅस ॲनलायझरचे कॅलिब्रेशन काटेकोर करून त्याच्या नोंदी जाहीर करणे.

महोदय,

मुलांना मैदानावर सोडायचे की वर्गात बसवायचे, हे आमच्या भागातील शाळा चौकातल्या फलकावरचा हवेचा आकडा पाहून ठरवतात. तो आकडा ज्या मापाने तपासला जातो, त्या मापाविषयी हे निवेदन आहे.

यंत्राचे माप तपासण्यासाठी नायट्रिक ऑक्साइडचा प्रमाणित वायू (स्पॅन गॅस) नायट्रोजनमध्ये मिसळून सिलिंडरमधून येतो; समजा, तो ५० पीपीएमचा आहे. रस्त्यावरची हवा मोजायची ती पीपीबीमध्ये. म्हणून डायल्यूटर मिनिटाला १० मिलिलिटर वायूत ४,९९० मिलिलिटर झिरो एअर (प्रदूषकरहित हवा) मिसळतो. वायू पाचशेपट विरळ होऊन १०० पीपीबीवर येतो. आता १० ऐवजी ११ मिलिलिटर वायू सुटला, तर प्रत्यक्षात सुमारे ११० पीपीबी येतात आणि ऑपरेटर ते १०० समजून यंत्र लावतो. नायट्रोजन डायऑक्साइडही हेच यंत्र कन्व्हर्टरने नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलून मोजते. त्यामुळे त्यानंतर हवेत नायट्रोजन डायऑक्साइड घनमीटरला ८८ मायक्रोग्रॅम असला, तरी फलकावर ८० दिसतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकातील २४ तासांची मर्यादा नेमकी ८० आहे. यंत्र कोणतीही सूचना देत नाही, कारण चुकीच्या मापाशी ते बरोबर जुळलेले असते.

परवानगी घेऊन आम्ही एक केंद्र पाहिले. सिलिंडरच्या चिठ्ठीवरील वैधता संपलेली होती. नोंदवहीत तारखेपुढे 'कॅलिब्रेशन केले' एवढेच लिहिले होते. यंत्र लावण्यापूर्वी ते काय दाखवत होते, हेच लिहिले नसेल, तर ते किती सरकले होते आणि मागचे कोणते आकडे बाद धरायचे, हे कळणार कसे?

आमच्या मागण्या :

१. स्पॅन गॅसचे प्रमाणपत्र राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मानकांशी जोडलेले असावे. वैधता संपलेले सिलिंडर तत्काळ काढावेत.

२. डायल्यूटरमधील प्रवाह ठरवणारा प्रत्येक मास फ्लो कंट्रोलर स्वतंत्र प्रवाहमापकाने तपासावा, आणि तोही ज्या प्रवाहावर तो रोज चालतो त्याच प्रवाहावर. किराणा दुकानातल्या वजनांवर वैधमापनाचा शिक्का लागतो, तर याला सूट का?

३. कॅलिब्रेशन एकाच बिंदूवर न उरकता शून्य व किमान चार तीव्रतांवर करावे. अधूनमधून वेगळ्या सिलिंडरने पडताळा घ्यावा.

४. नायट्रोजन डायऑक्साइडचा कन्व्हर्टर ओझोन टायट्रेशनने तपासावा. त्याची कार्यक्षमता ९६ टक्क्यांखाली गेल्यास तो बदलावा.

५. ओझोन सिलिंडरमध्ये टिकत नाही, तो जागीच तयार करावा लागतो. त्यामुळे ओझोन यंत्रांची तुलना वरच्या दर्जाच्या प्रमाण फोटोमीटरशी करावी.

६. दर कॅलिब्रेशनचा आधीचा व नंतरचा आकडा, दोन्ही प्रवाह आणि सिलिंडर क्रमांक संकेतस्थळावर द्यावेत. यंत्र मर्यादेबाहेर सरकलेले आढळल्यास मागच्या तपासणीपासूनच्या आकड्यांवर तशी खूण करावी.

पुढील कॅलिब्रेशन आमच्या दोन प्रतिनिधींसमक्ष व्हावे व या निवेदनाचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे, ही विनंती. तपासणीनंतर फलकावरचा आकडा वाढला तरी आमची तक्रार नाही.

आपले विश्वासू,
परिसरातील पालक व विज्ञान शिक्षक

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी