क्रेडिट कार्डचे '५० दिवस बिनव्याजी' नेमके कधीपासून मोजतात? कुणकेश्वरच्या सीझनवरून समजून घ्या

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला पैसा वर्षभर सारखा येत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत दुकानं चालतात, एप्रिल-मेमध्ये हापूस आणि पर्यटक येतात. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, पर्यटक कमी आणि खर्च मात्र सुरूच.

खर्च आधी आणि कमाई नंतर, हे गणित इथल्या घरांना नवं नाही. पूर्वी त्यासाठी दुकानातली उधारीची वही होती, आंब्यावर वाशीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली आगाऊ उचल होती. आता त्यात क्रेडिट कार्डाची भर पडली आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे व्यापारी क्यूआर कोड असलेल्या छोट्या दुकानातही ते चालतं.

कार्ड घेताना सांगितलं जातं, "५० दिवसांपर्यंत व्याज नाही." यातला महत्त्वाचा शब्द आहे 'पर्यंत'.

५० दिवस मोजतात कसे?

बिनव्याजी मुदतीचे दोन भाग असतात. पहिला, खरेदीच्या दिवसापासून बिल तयार होण्याच्या तारखेपर्यंतचा. दुसरा, बिलाच्या तारखेपासून पैसे भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतचा. दुसरा भाग साधारण १८ ते २० दिवसांचा असतो. पहिला मात्र तुम्ही खरेदी कधी केली यावर ठरतो.

समजा, कुणकेश्वरमधल्या एका होम-स्टे मालकाच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला तयार होतं आणि पैसे भरायला पुढे २० दिवस मिळतात. मे महिन्यातल्या पर्यटकांसाठी त्यांना ४०,००० रुपयांचा इन्व्हर्टर आणि गाद्या घ्यायच्या आहेत.

• खरेदी १४ मार्चला केली, तर ती १५ मार्चच्या बिलात येते. पैसे ४ एप्रिलपर्यंत भरायचे. मिळाले २१ दिवस.

• खरेदी १६ मार्चला केली, तर ती १५ एप्रिलच्या बिलात जाते. पैसे ५ मेपर्यंत भरायचे. मिळाले ५० दिवस.

वस्तू तीच, किंमत तीच. खरेदी फक्त दोन दिवस पुढे गेली आणि जवळपास महिनाभर जास्त मिळाला. ४ एप्रिलला होम-स्टेच्या हातात फारसे पैसे नसतील, ५ मेपर्यंत मात्र सुट्टीचं बुकिंग सुरू झालेलं असतं.

'मिनिमम ड्यू' भरला की झालं?

गैरसमज सर्वांत जास्त इथेच होतो. बिलावर दोन रकमा असतात. एक पूर्ण देय रक्कम आणि दुसरी किमान देय रक्कम, म्हणजे 'मिनिमम ड्यू'. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क लागत नाही आणि हप्ता थकल्याची नोंदही होत नाही. त्यामुळे "आपण वेळेवर पैसे भरले" असं वाटतं.

पण बिनव्याजी मुदत मिळते ती पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, मागच्या बिलातली काहीही रक्कम बाकी राहिली तर ही सवलत थांबते, हे बँकेने ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे.

आपल्या होम-स्टे मालकांनी ५ मे रोजी ४०,००० पैकी फक्त २,००० रुपये भरले असं समजा. उरले ३८,०००. यावर व्याज ६ मेपासून लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १६ मार्चपासून मोजलं जातं.

व्याजदर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. अनेक कार्डांचा दर याच्या आसपास असतो. १६ मार्च ते १५ मे या ६० दिवसांचं ३८,००० रुपयांवरचं व्याज होतं सुमारे २,६२४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे ३,०९६ रुपये.

म्हणजे भरले २,००० आणि पुढच्या बिलात व्याज व कराचेच ३,००० च्या वर.

नव्या खरेदीचं काय होतं?

आता ८ मे रोजी त्यांनी त्याच कार्डावर ६,००० रुपयांचा किराणा भरला. एरवी यावर जूनच्या सुरुवातीपर्यंत व्याज लागलं नसतं. पण मागची बाकी असल्यामुळे या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. जुनं सगळं फिटेपर्यंत त्या कार्डावर 'बिनव्याजी' असं काही उरत नाही.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळातच नसते. व्याज त्याच दिवसापासून लागतं, शिवाय वेगळं शुल्कही असतं.

मग बँकेला यातून काय मिळतं?

कार्डाने पैसे दिले की दुकानदाराच्या रकमेतून साधारणपणे काही टक्के शुल्क कापलं जातं. त्यातला वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाकडून बँकेला व्याज मिळत नाही, ते मिळतं बाकी ठेवणाऱ्याकडून. एकाच्या बिनव्याजी ५० दिवसांचा भार काही अंशी दुसऱ्याच्या ४२ टक्क्यांवर असतो.

या दरावर वरची मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. दर किती असावा हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

आंबा बागायतदाराला हे ५० दिवस पुरतात का?

होम-स्टेचं गणित जमलं, कारण खर्च मार्चमध्ये आणि कमाई एप्रिल-मेमध्ये होती. बागेचं तसं नसतं. मोहोरावरची फवारणी डिसेंबरमध्ये करावी लागते आणि आंब्याचे पैसे बहुतेकांच्या हातात एप्रिलनंतर येतात.

१६ डिसेंबरला ३०,००० रुपयांची औषधं कार्डावर घेतली, तर जास्तीत जास्त ५० दिवस धरूनही पैसे ४ फेब्रुवारीला भरावे लागतील. तेव्हा बहुतेक झाडांवर फळ तयारही नसतं. पेटी बाजारात जाणं दूरच.

ही रक्कम चार महिने ४२ टक्क्यांनी अंगावर राहिली तर ढोबळ हिशेबाने व्याज होतं ४,१०० रुपयांच्या वर, आणि जीएसटी वेगळा. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला सात टक्के दर असतो. त्या दराने हेच व्याज ७०० रुपयांच्या आत राहतं. वेळेवर परतफेड केली तर दर चार टक्क्यांपर्यंत खाली येतो.

नावात दोन्हीकडे 'क्रेडिट कार्ड' असलं तरी ही दोन अगदी वेगळी कर्जं आहेत.

हे लक्षात ठेवा

• बिलाची तारीख माहीत करून घ्या. मोठी खरेदी त्यानंतर लगेच केली तर मुदत सर्वांत जास्त मिळते.

• ही तारीख सोयीची नसेल तर ती किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. कमाई महिन्याच्या कोणत्या आठवड्यात येते ते पाहून तारीख ठरवा.

• शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावता येत नाही. पण ही मुदत नेहमीच्या सवयीसाठी नाही.

• पूर्ण बिल भरता येत नसेल तर जमेल तितकी जास्त रक्कम भरा आणि सगळी बाकी फिटेपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी टाळा.

• खरेदी करण्याआधी एकच प्रश्न विचारा: बिल भरायच्या तारखेला माझ्या हातात पूर्ण पैसे असतील का? उत्तर 'हो' असेल तर कार्ड म्हणजे खरोखरच फुकटची उधारी. उत्तर 'बघू' असेल, तर ते तुमच्याकडचं सर्वांत महाग कर्ज ठरू शकतं.