शंभर यार्डांच्या आतला हिशोब

मंडळी, रविवारी सकाळी कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर एक चक्कर टाका. जो तो ड्रायव्हर घेऊन बॉल बडवत असतो! वेज मात्र बॅगेत झोपलेल्या. आठवड्यातून जेमतेम एक तास मिळणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो तास असा घालवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००७ ची मास्टर्स आठवा. झॅक जॉन्सन हा काही लांब मारणारा गडी नव्हे. चार दिवसांत पार-५ होल्स सोळा वेळा खेळला, पण दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न एकदाही केला नाही. दर वेळी मुकाट अलीकडे थांबायचं आणि तिसरा फटका वेजने. त्या सोळा होल्सवर पठ्ठ्या ११ अंडर! एकूण स्कोअर २८९, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, आणि तरी टायगर वुड्सला दोन फटक्यांनी मागे टाकून ग्रीन जॅकेट त्याच्याच अंगावर.

आता थोडं गणित. १०० यार्डांवरून दिशा ३ अंशांनी चुकली तर बॉल साधारण ५ यार्ड बाजूला जातो. पण खाली येताना हात कचरले आणि स्विंग मंदावला, तर तोच बॉल सहज १५ यार्ड कमी पडतो. म्हणजे खरं दुखणं दिशेचं नाही, अंतराचं आहे.

यावर डेव्ह पेल्झचा उपाय मला फार आवडतो (हा गृहस्थ आधी नासात संशोधक होता). डावा हात म्हणजे घड्याळाचा काटा समजा. बॅकस्विंग साडेसात, नऊ किंवा साडेदहा वाजता थांबवायचा. लय तीच, जोर तोच, बदलते ती फक्त लांबी. चार वेज आणि तीन स्विंग, झाली १२ अंतरं. प्रत्येकाचे दहा-दहा बॉल मारा, बॉल पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर मोजा, आणि आकडे कागदावर लिहून क्लबच्या दांड्याला चिकटवा. मग ६५ यार्डांवर उभं राहून 'अंदाजे अर्धा मारू' म्हणायची वेळ येत नाही.

कुणी म्हणेल, मार्क ब्रॉडीने 'एव्हरी शॉट काउंट्स'मध्ये (२०१४) तर दाखवलंय की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधला दोन-तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच पडतो. मान्य! सरसकट अलीकडे थांबा असं मीही म्हणत नाही. वाटेत पाणी-बंकर नसेल तर ग्रीनच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलंच. पण ड्रायव्हरचे ३० यार्ड वाढवायला ताकद लागते, कोच लागतो, वर्षं लागतात. उरलेला एक-तृतीयांश मात्र एक तास, एक वही आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हाती येऊ शकतो. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने आधी कुठे हात घालावा, सांगा बरं?

अर्थात लांब ड्राइव्हला टाळ्या पडतात, ७२ यार्डांच्या वेजला कुणी ढुंकूनही बघत नाही. पण स्कोअरकार्डावर टाळ्यांचा रकाना नसतो ना राव!

पुढचे चार रविवार ड्रायव्हर घरी ठेवून बघा. पटलं तर ठीक, नाहीतर बडवायला रेंज आहेच :-)