बुडबुड्यांचा नफा कोणाचा?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून पलीकडे उतरले की उसाचा मुलूख लागतो. तेथील आसवन्यांत मळी आंबवून मद्यार्क काढतात. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे : ४६ किलो मद्यार्कामागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळशाच्या धुराड्यातून इतका शुद्ध वायू कधीच मिळायचा नाही. तो धुऊन, वाळवून, दाबाखाली द्रवरूप केला की सोडावॉटर, वेल्डिंग, अग्निशामक, सुका बर्फ यांस चालतो. आपल्याच जिल्ह्यात थळच्या खत कारखान्यात अमोनियाच्या निर्मितीत निघणारा हाच वायू युरियात खर्ची पडतो. तेव्हा तंत्र काही नवे नाही.

नवी आहे ती मालकवर्गाची पुण्याईची भाषा. वायू पकडला म्हणजे पृथ्वी वाचविली, असा आव आणला जातो. वस्तुतः उसाने हा वायू हवेतूनच घेतलेला असतो. तो परत गेल्याने नवी भर पडत नाही. आणि सोड्याच्या बाटलीत भरलेला वायू झाकण उघडताच पुन्हा आकाशात जातो! लाभ खरा केव्हा? खनिज इंधनापासून मिळविलेल्या वायूची जागा त्याने घेतली तर, तेवढाच. बायोगॅसमध्येही साधारण तिसऱ्या हिश्शाहून अधिक हाच वायू असतो. वाहनांसाठी मिथेन वेगळा करताना तो काढावाच लागतो. तेव्हा तो वाया न घालविण्यास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो खोट्या जमाखर्चास.

२०१८ पासून केंद्र सरकार आसवन्यांच्या कर्जावरील व्याजाचा भाग उचलीत आले आहे. पैसा जनतेचा, मग वायूच्या विक्रीचा हिशेब जनतेपुढे का मांडू नये? २०२१ च्या जुलैत तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, महाड शहर पुरात बुडाले. एका पावसास एकच कारण चिकटविणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु तापणाऱ्या हवेचा भार प्रथम डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर पडतो, कर्ज देणाऱ्या बँकांवर नव्हे.

याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. आंबवणाच्या हौदात, बायोगॅसच्या खड्ड्यात तो तळाशी साचतो. रंग नाही, वास नाही. दहा टक्क्यांवर गेला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही त्याच्या शेजारी. खड्ड्यात उतरविला जातो तो बहुधा ठेकेदाराचा मजूर, आणि त्यातही अनेकदा दलित. २०१३ च्या कायद्याने गटारात विनासाधन माणूस उतरविण्यास बंदी केली, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका औषध कारखान्याच्या आगीत ११ कामगार मेले, हे विसरून चालणार नाही. १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यावरील हक्क ज्या गावाने मागितला, त्या गावाजवळ श्वासावरील हक्क मागावा लागावा?

पोलादपूरच्या गावांची गोष्ट निराळी. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला चार-पाच जनावरांचे शेण लागते. तरुण मुंबईत आणि गोठे रिकामे, तेथे वायू पकडण्याची भाषा पोकळ ठरते. आधी गोठा भरा.

म्हणून कार्यकर्त्यांनी मागावे ते असे : अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने पकडलेल्या व विकलेल्या वायूचा वार्षिक आकडा ग्रामसभेत वाचावा, हौदाजवळ वायुमापक व पंखे असल्याखेरीज माणूस आत उतरवू नये, आणि त्या कामावर कायम कामगारच नेमावा, ठेक्याचा नव्हे.