भोपळा सोडल्यावर

विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधायची आपल्याकडे जुनी रीत. (परीक्षेत मिळतो तो भोपळा निराळा!) पोर तरंगू लागले की काठावरचे मामा-काका खूष. पण त्याला पोहता येते की नाही, हे कळायचे भोपळा सोडल्यावरच.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी हल्ली काही ठिकाणी लेखनाचे जादा वर्ग चालतात. योजना चांगलीच आहे. बारावीपर्यंत ज्याने गाईडातली उत्तरे पाठ केली, त्याला एकदम 'तुझे मत मांड, त्याला आधार दे' म्हटले, तर त्याने काय करावे? मदत हवीच. प्रश्न एवढाच, की ती लागू पडली हे ठरवायचे कसे? वर्षअखेर अहवाल होतो : तास इतके, हजेरी इतकी, समाधानी इतके. म्हणजे तरंगणारी डोकी मोजली, झाले!

कोणी पुढे जाऊन गुण पडताळतात. वर्गाला आलेल्यांना न आलेल्यांपेक्षा अधिक गुण मिळाले, तेव्हा वर्ग यशस्वी! पण वाचकहो, जादा वर्गाला आपण होऊन येतो तो बहुधा मुळातच मेहनती. ज्याला खरी गरज, तो संध्याकाळी कुठेतरी नोकरी करतो, नाहीतर आपले लेखन दाखवायला लाजतो. मग गुण वर्गाचा की मुलाचा, हे त्या आकड्यांतून कसे निघावे?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 1970 साली शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या सर्वांना आपली दारे उघडली. तेथल्या सिटी कॉलेजात शॉनेसी नावाच्या बाईंनी नव्या मुलांचे सुमारे 4000 निबंध बारकाईने वाचले आणि 1977 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे असे, की मुलांच्या चुका नुसत्या वेंधळेपणाच्या नसतात. मुलाने मनाशी एखादा नियम धरलेला असतो आणि तो भलत्या जागी लावलेला असतो. तो नियम सापडला की शिकवण्याची वाटही सापडते. म्हणजे पुरावा हजेरीपटात नाही, मुलाच्या कागदात आहे.

मग कागदच तपासावा. एकाच मुलाचे जुलैतले आणि मार्चमधले लेखन, नाव-तारीख झाकून, दुसऱ्या प्राध्यापकांपुढे ठेवावे आणि सरस कोणते ते विचारावे. पुढच्या वर्षी इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या पेपरात तोच मुलगा मदतीवाचून कसा लिहितो, तेही पाहावे. मधेच गळालेल्यांची चौकशी तर आधी करावी. आता यंत्र मागाल तसा निबंध लिहून देते. भोपळाच पोहून दाखवतो! म्हणून हे लेखन समोर बसवूनच करून घ्यावे.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत चिरंजीवांची किंवा कन्येची जुलैतली वही रद्दीत घालू नका. खाडाखोड असली तरी असू द्या. आपले मूल कुठून कुठवर आले, याची साक्ष मार्चमध्ये तीच देईल.